अंगणातल्या फांद्यांचं काय करायचं? जाळू नका, आधी जाडी पाहा



पावसाळा तोंडावर आला की आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात एक दृश्य हमखास दिसतं. रात्री वळीव कोसळतो आणि सकाळी अंगणात गुलमोहराची भली मोठी फांदी आडवी पडलेली असते. कुठे शेवगा अर्ध्यातून मोडलेला असतो. कुठे विजेच्या तारांना लागतात म्हणून फांद्या छाटलेल्या असतात आणि त्यांचा ढीग आपल्या फाटकाशी पडून असतो. मग घरोघरी एकच प्रश्न: आता हे टाकायचं कुठे?

मी स्वतः काय केलं होतं ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागचा शेवगा मोडला. शेंगा आणि पाला वाटून झाला. उरलेल्या फांद्या मी मागच्या नाल्याच्या कडेला रचून ठेवल्या. पाणी आलं की जातील वाहून, असा माझा हिशेब! पहिल्याच मोठ्या पावसात तो ढीग सरकला आणि मोरीच्या तोंडाशी अडकला. त्याला प्लास्टिकच्या पिशव्या येऊन चिकटल्या आणि पाणी उलटं गल्लीत शिरलं. दोन घरांत घोटाभर पाणी झालं. त्यातल्या एका घरात माझ्याच वर्गातली मुलगी राहायची. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर वह्या वाळत घालत होती. ते पाहिल्यावर मी हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

नाल्यात का नको?

वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते. प्राचीन शिवमंदिराच्या जवळून वाहत ती उल्हासनगरात येते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. आपल्या गल्लीतले बरेचसे नाले शेवटी तिलाच जाऊन मिळतात. उल्हासनगर शहर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं आणि वस्ती अतिशय दाट. जुन्या बराकींच्या ओळींमधले नाले अरुंद. अशा नाल्यात पाचोळा वाहून जातो, पण फांदी आडवी बसते. ती जाळीसारखं काम करते आणि मागून येणारा सगळा कचरा अडवून धरते. म्हणजे पाणी तुंबवायला एक फांदीसुद्धा पुरते.

जाळायचं का नाही?

ओल्या फांदीच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. ती पेटवली की बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते. आग थंड राहते, लाकूड अर्धवट जळतं आणि धूर भरपूर होतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण असतात. दाट वस्तीत हा धूर थेट शेजारच्या खिडकीत जातो. आपल्या प्रत्येक वर्गात दम्याचं एखादं मूल असतंच, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

कायद्यानेही हे चालत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करावी, असं त्या आदेशात आहे. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवून पालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा, अशी जबाबदारी घरमालकावर टाकली. रस्त्यावर, गटारात किंवा नदीनाल्यात टाकायलाही मनाई केली.

याच फांद्यांसाठी एकेकाळी भांडणं व्हायची

आज नकोशी झालेली फांदी आपल्या ठाणे जिल्ह्यात एकेकाळी मौल्यवान होती. भाताची रोपं तयार करायची जागा पावसाआधी भाजायची जुनी पद्धत आहे. तिला 'राब' म्हणतात. जमिनीवर शेण, ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर द्यायचे आणि ते पेटवायचे. तणाचं बी मरतं, राख मिळते आणि रोपं जोमाने येतात. इंग्रजांच्या वनखात्याने जंगलातल्या तोडीवर बंधनं घातली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष झाला. त्यावर सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्याच्यापुढे राबाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

कुणी विचारेल, तेव्हा जाळत होतेच ना? हो. पण ते शेतात, ठरलेल्या वेळी, पिकासाठी. गल्लीत जाळलेल्या फांदीची राख गटारात जाते आणि धूर शेजाऱ्याच्या घरात. त्यातून पीक काहीच येत नाही.

फांदी लवकर का कुजत नाही?

भाजीची देठं काही आठवड्यांत कुजतात, पण फांदी वर्षानुवर्षं तशीच राहते. याची दोन कारणं.

पहिलं म्हणजे लिग्निन. लाकडाला ताठपणा देणारा हा पदार्थ बहुतेक जिवाणूंना पचत नाही. तो फोडायचं काम मुख्यतः बुरशी करते. पावसाळ्यात जुन्या ओंडक्यावर छत्र्या उगवतात ना, ती हीच बुरशी.

दुसरं म्हणजे कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण. खत नीट होण्यासाठी १ भाग नत्राला साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असतं, तर लाकडात कित्येक शे! म्हणून नुसत्या काटक्या कुजत नाहीत, आणि नुसता ओला कचरा चिखल होऊन वास मारतो. दोन्ही एकत्र केले की दोघांचंही काम होतं.

जाडीनुसार तीन वाटे करा

ढीग पाहून घाबरू नका. कोयता, छाटणीची कात्री आणि छोटी करवत घ्या आणि तीन वाटे करा.

*१. पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या आणि पाला:* बोटाएवढे तुकडे करून कुंड्यांत किंवा झाडांच्या बुंध्याशी पसरा. हे झालं आच्छादन. ओल टिकते आणि तण कमी येतं. लक्षात ठेवा, काटक्या मातीवर पसरायच्या, मातीत मिसळायच्या नाहीत. मिसळल्या तर त्या कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. उरलेल्या काटक्या खताच्या पिंपात तळाशी घाला, म्हणजे हवा खेळती राहते.

*२. अंगठ्यापासून मनगटाएवढ्या फांद्या:* सरळ असतील त्या काकडी, दोडका, वाल यांच्या वेलांना आधार म्हणून वापरा. वाकड्या फांद्या दोन खुंटांच्या रांगांमध्ये आडव्या रचल्या की छान वई तयार होते. शेवगा किंवा गिरिपुष्पाच्या फांद्या असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला हातभर तुकडे जमिनीत रोवा. त्या फुटतात आणि कुंपण जिवंत होतं.

*३. मनगटापेक्षा जाड ओंडके:* आंबा, जांभूळ, साग असेल तर आधी एखाद्या सुताराला विचारा. नाहीतर शाळेच्या बागेत बसायला ठोकळे करा किंवा वाफ्याच्या कडेला लावा. जागा असेल तर वाफ्याच्या तळाशी पुरून वर पाला, खत आणि माती घाला. ओंडका हळूहळू कुजत पाणी धरून ठेवतो. बदलापूरच्या आसपासच्या गावांत अजून चुली आहेत, तिथे वाळलेलं सरपण कुणीही आनंदाने नेतं.

उल्हासनगरकरांसाठी एक सूचना. आपल्याकडे फर्निचरचा मोठा बाजार असल्यामुळे भुसा सहज मिळतो. पण प्लायवूडचा किंवा रंग-पॉलिश लागलेल्या लाकडाचा भुसा खतात घालू नका. त्यात रासायनिक डिंक असतो.

थोडं गणित: तोडणं बरं की फोडणं?

सूक्ष्मजीव लाकडाच्या पृष्ठभागावर काम करतात. म्हणजे पृष्ठफळ जितकं जास्त, तितकं कुजणं लवकर. १ मीटर लांब आणि ४ सेंमी व्यासाची फांदी घ्या. तिचं एकूण पृष्ठफळ साधारण १,२८१ चौ. सेंमी येतं. तिचे १० सारखे तुकडे केले, तर फक्त नवी टोकं वाढतात. पृष्ठफळ होतं १,५०७ चौ. सेंमी, म्हणजे जेमतेम १८ टक्के वाढ. पण तीच फांदी उभी चिरून चार फाका केल्या, तर १,६०० चौ. सेंमी नवा पृष्ठभाग उघडा होतो. एकूण २,८८१, म्हणजे सव्वादोन पट!

तात्पर्य, ढिगाने अडवलेली जागा कमी करायची असेल तर तोडा. लवकर कुजवायचं असेल तर उभं फोडा किंवा ठेचा. दहावीच्या वर्गाला वृत्तचितीचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

हे विसरू नका

- फांदीला विजेची तार लागली असेल तर जवळ जाऊ नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. १९१२ वर वीज कंपनीला किंवा १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.
- जुना ढीग हाताने उपसू नका. त्यात साप, विंचू, गोम असू शकतात. पायात बूट घाला आणि आधी काठीने हलवा.
- ढीग भिंतीला, दाराच्या चौकटीला टेकवू नका. वाळवी घरात शिरते.
- कण्हेरीची फांदी वेगळी ठेवा. तिचा सगळा भाग विषारी आहे. हातमोजे घाला. मुलांना खेळायला, गुरांना खायला किंवा चुलीला ती कधीच देऊ नका.

परवानगी कुणाची?

पडलेली फांदी उचलणं वेगळं आणि उभं झाड तोडणं वेगळं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात झाड 'तोडणे' या शब्दात झाड जाळणं आणि त्याला कोणतीही इजा करणं हेही धरलं आहे. त्यामुळे झाड आपल्याच आवारातलं असलं तरी मोठी छाटणी करण्याआधी उल्हासनगरात महापालिकेकडे, अंबरनाथ आणि बदलापुरात नगरपरिषदेकडे अर्ज करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण मिळालं आहे. अर्ज करतानाच विचारा: "छाटलेल्या फांद्या कोण उचलणार, आणि कधी?" हा प्रश्न आधी विचारला तर ढीग फाटकाशी पडून राहत नाही.

मुलांसोबत करून पाहा

१. एक किलो ओल्या काटक्या मोजून जुडी बांधा आणि सावलीत टांगा. दर सोमवारी वजन करा आणि आलेख काढा. पाणी किती गेलं ते मुलंच सांगतील.

२. एक अख्खी काटकी आणि एक उभी चिरलेली काटकी एकाच कुंडीत अर्धी पुरा. पावसाळ्यानंतर काढून बघा.

३. ओंडक्याची वर्तुळं मोजा, पण एक खुलासा करा. सागाची वर्तुळं वर्षाला एक अशी स्पष्ट दिसतात, आपल्याकडच्या बऱ्याच इतर झाडांची तशी दिसत नाहीत. त्यामुळे गुलमोहराचं वय वर्तुळांवरून ठामपणे सांगता येत नाही.

आमच्या घरामागे आता त्या शेवग्याचेच तीन तुकडे फुटून उभे आहेत. नाल्याच्या कडेला मी पुन्हा काही ठेवलेलं नाही. वह्या वाळत घालणारी ती मुलगी पुढे आमच्या शाळेच्या बाग-गटाची प्रमुख झाली. आता तीच लहान मुलांना सांगते, "बाई म्हणतात, आधी जाडी बघा."

तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा चाळीत फांद्यांचं काय करता? जरूर कळवा. चांगली युक्ती असेल तर आपण सगळेच वापरू.