घर आपलं, मग परवानगी वारसा समितीची का?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत आजही लाकडी व्हरांड्यांची जुनी घरे दिसतात. अशा ठिकाणी घर पाडायचे किंवा त्याचे रूप बदलायचे, तर फक्त नेहमीची बांधकाम परवानगी पुरत नाही.

बृहन्मुंबईत वारसा नियम १९९५मध्ये लागू झाले. यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत बदलाला जवळपास वाव नाही, दुसरीत काळजीपूर्वक अंतर्गत बदल चालतात, तिसरीत सर्वाधिक मोकळीक असते. घरांबरोबर संपूर्ण परिसरही यादीत येऊ शकतो. कारण एका घराच्या जागी टॉवर उभा राहिला, तर सगळ्या गल्लीचा चेहरा बदलतो.

श्रेणीनुसार अर्ज मुंबई वारसा जतन समितीकडे जातो. वास्तुरचनाकार, अभियंते, इतिहासाचे जाणकार तो तपासतात. समिती सल्ला देते. परवानगी मात्र महापालिका आयुक्तांची.

मालकाचे काय? वारसा नियमांमुळे बांधकामाचा हक्क बुडाला, तर भरपाई म्हणून टीडीआर मिळण्याची तरतूद आहे. तो दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. पण गळणारे छप्पर आज दुरुस्त करायचे, तर खर्च आधी मालकाच्याच खिशातून होतो. वारसा सगळ्यांचा, डागडुजी एकट्याची. खरा वाद इथेच आहे.