राजपुत्र नसलेला नायक

मॉन्ट्रियलच्या यूबिसॉफ्ट स्टुडिओत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ २००३मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्या गेमची जबाबदारी त्याचे क्रिएटिव्ह डायरेक्टर पत्रिस देझिले यांच्याकडेच आली. मध्ययुगीन इराणमधल्या हशाशीन पंथाचा इतिहास वाचताना त्यांना नायक सुचला तो राजपुत्राची पाठराखण करणारा मारेकरी. नाव ‘प्रिन्स’चे आणि नायक भलताच, हे कंपनीच्या वरिष्ठांना पटले नाही. कल्पना मात्र मोडीत निघाली नाही. तिला स्वतंत्र नाव मिळाले. २००७मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ आला. ११९१ सालच्या दमास्कस आणि जेरुसलेमच्या गच्च्यांवरून त्याचा नायक धावत होता. अनोळखी नावावर एवढा खर्च करण्याचा तो निर्णय मला आजही या धंद्यातला दुर्मीळ शहाणपणा वाटतो.

त्या गेममध्ये उंच मनोऱ्यावर चढले की सगळे शहर दिसे आणि नकाशाचा तेवढा भाग उघडे. मारेकऱ्याच्या गोष्टीत ते शोभून दिसे, कारण टेहळणी हे त्याचे कामच. मग यूबिसॉफ्टच्याच ‘फार क्राय ३’मध्ये रेडिओचे मनोरे आले, ‘वॉच डॉग्ज’मध्येही मनोरे आले. नायक वेगळा, काळ वेगळा, युक्ती तीच. यशाचा परिणाम म्हटला की आपण दुसरे-तिसरे भाग मोजतो. मला युक्तीची ही नक्कल जास्त गंभीर वाटते. एका कथेच्या गरजेतून जन्मलेली युक्ती दुसऱ्या कथेत हक्काने येऊन बसते, आणि त्या कथेला स्वतःचे काय सुचले असते, हे पाहायचेच राहून जाते.

२००९ ते २०१५ दरवर्षी ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेचा किमान एक मुख्य गेम आला. एक दुकानात असताना पुढच्यावर अनेक देशांतले स्टुडिओ काम वाटून घेत. अशा वेळापत्रकात शहर बदलता येते, शतक बदलता येते. पाया उकरायला सवड नसते. देझिले २०१०मध्येच बाहेर पडले. २०१४च्या ‘युनिटी’त नोत्र-दामसह उभे केलेले क्रांतिकाळातले पॅरिस अप्रतिम होते, पण गेम इतक्या दोषांसह विक्रीला आला की कंपनीने माफी मागून पुरवणी भाग फुकट दिला. २०१६ साली मुख्य गेम आलाच नाही.

इकडे २०१०नंतर राजपुत्र जवळजवळ अडगळीत गेला. २०२४मध्ये माँपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ केला. त्याचा नायक सारगॉन राजपुत्र नाही. अपहृत राजपुत्राला सोडवायला निघालेला योद्धा आहे. म्हणजे पूर्वी जे नाकारले होते, तेच आता ‘प्रिन्स’च्या नावावर चालले. समीक्षकांनी वाखाणले, खप मात्र अपेक्षेपेक्षा कमी झाला आणि तो चमू इतर कामांवर विखुरला.

त्याआधी, २०२०मध्ये, ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते. पुण्याचा स्टुडिओ २००८पासून यूबिसॉफ्टचा. ‘जस्ट डान्स’सारख्या दुसरीकडे जन्मलेल्या गेमवर तिथे काम होत आले. पहिल्या ट्रेलरमधल्या चित्रणावर टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलकडे परत गेले. लोकांनी सतरा वर्षे मनात जपलेल्या गेमशी प्रत्येक चौकट ताडून पाहिली जाणार, हे आधीच दिसत होते. पहिली मोठी संधी म्हणून असे काम देणे मला अन्यायाचे वाटते. पुण्या-मुंबईच्या चमूंना आधी स्वतःच्या कल्पनेचा, बेताच्या खर्चाचा, चुकायला जागा असलेला गेम करू द्यायला हवा होता.