नावे उसनी, भय आपले

‘तुंबाड’ (२०१८) पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘हस्तर’ हे कोकणातल्या एखाद्या विस्मृत दैवताचे नाव वाटते. त्याच्याशी मिळतेजुळते ‘हस्तूर’ हे नाव मात्र दूरवरून आलेले आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सच्या कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. रॉबर्ट चेंबर्सने १८९५ मध्ये ते नाव उचलले, एच. पी. लव्हक्राफ्टने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला आणि ऑगस्ट डर्लेथने त्याला उग्र देवता बनवले. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ कथेतल्या मंत्रात तेच नाव येते. या ‘ग्रॅमा’वरून नारायण धारपांनी ‘आजी’ ही कथा बेतली आणि ‘तुंबाड’चे एक बीज ‘आजी’त आहे.

एका लेखकाची कल्पना दुसऱ्याने पुढे नेण्याची ही रीत लव्हक्राफ्टच्या (१८९०–१९३७) वर्तुळात रुजली. त्याच्या कथांना ‘वैश्विक भयकथा’ म्हणतात. आपल्या भूतकथेतल्या भुताला माणसाशी काहीतरी देणेघेणे असते. त्याचा सूड असतो, अतृप्त इच्छा असते, म्हणून उताराही असतो. लव्हक्राफ्टच्या विश्वाला माणसाची दखलच नाही. तिथे उतारा कोणाला घालणार?

त्याच्या मृत्यूनंतर डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रेई यांनी १९३९ मध्ये ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि लव्हक्राफ्टच्या कथा टिकवल्या. डर्लेथनेच १९६९ मध्ये ‘टेल्स ऑफ द कथुलू मिथॉस’ हे अनेक लेखकांचे संकलन संपादित केले. परंतु त्याने या देवतांची सुष्ट आणि दुष्ट अशी विभागणी केली. उदासीन विश्वात पुन्हा देवासुरांचे युद्ध आले आणि मूळचे भय पातळ झाले. पुढे कित्येकांनी विचित्र नावांचा देव आणि शापित पोथी एवढेच भांडवल घेऊन कथा लिहिल्या.

या गोंधळात रेघ ओढणारा अभ्यासक पुण्यात जन्मला होता. सुनंद त्र्यंबक जोशी, म्हणजेच एस. टी. जोशी, यांचा जन्म १९५८ चा. लहानपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत गेले. लव्हक्राफ्टची कागदपत्रे ब्राउन विद्यापीठात आहेत, म्हणून त्यांनी शिक्षणासाठी तेच विद्यापीठ निवडले. हस्तलिखिते ताडून त्यांनी कथांचे शुद्ध पाठ सिद्ध केले, मोठे चरित्र लिहिले आणि लव्हक्राफ्टचे स्वतःचे विश्व व डर्लेथची रचना वेगळी काढून दाखवली. २०१० पासून त्यांनी ‘ब्लॅक विंग्ज’ ही नव्या कथांची संकलनमाला संपादित केली. पहिल्या खंडातली रॅम्झी कॅम्पबेलची कथा पत्ररूप आहे: एक इंग्रज वाचक लव्हक्राफ्टला पत्रे लिहितो आणि त्याचा सूर हळूहळू बिघडत जातो. राक्षस पुढे आणण्याची तिला घाई नाही.

वारसा म्हटला की दोषही वाट्याला येतात. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांत आणि कथांतही आहे. त्याचा अर्धपुतळा हे ‘वर्ल्ड फँटसी अवॉर्ड’चे स्मृतिचिन्ह होते, आक्षेपांनंतर २०१५ मध्ये ते बदलण्याचे ठरले. निषेध म्हणून जोशींनी आपले पुरस्कार परत केले. स्थलांतरितांविषयी अशी घृणा बाळगणाऱ्या लेखकाची बाजू एका स्थलांतरिताने घ्यावी, हे अनेकांना खटकले. जोशींनी तो वंशद्वेष नाकारला नव्हता. त्यावरून सारे लेखन तोलू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

पुतळ्याच्या वादापलीकडचे उत्तर एका संकलनाने दिले. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया आणि पॉला स्टाइल्स यांनी संपादित केलेल्या ‘शी वॉक्स इन शॅडोज’मध्ये (२०१५) सर्व कथा स्त्रियांच्या आहेत. लव्हक्राफ्टच्या कथांत जेमतेम दिसणाऱ्या स्त्रिया इथे मध्यभागी आल्या. पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्तम संकलनाचा तोच पुरस्कार मिळाला. पूर्वसूरीशी भांडत त्याचे ऋण फेडता येते, हे त्यातून दिसते.

मराठीत धारपांनी हेच वेगळ्या रीतीने केले. परके कथाबीज त्यांनी मराठी घरात, मराठी नात्यांत आणून ठेवले. ‘ग्रॅमा’ची ‘आजी’ झाली की भय ओळखीच्या माजघरात शिरते. पुढच्या लेखकांना सामग्रीची वाण नाही. नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे जाताना पायाखाली असलेला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्या काळात माणूस नव्हता आणि त्याची उणीव कोणाला भासत नव्हती. वैश्विक भयकथेला लागते ती एवढीच जाणीव. हस्तूरचे नाव घेतले काय, न घेतले काय.