मूठभर राजमा आणि औटकी

मूठभर राजमा ताटात टाका आणि न मोजता, एका नजरेत किती दाणे ते सांगा. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने काळ्या घेवड्याचे दाणे घेऊन हा खेळ एकट्यानेच हजारावर वेळा खेळला आणि १८७१ साली त्याचा हिशेब ‘नेचर’मध्ये छापला. तीन-चार दाण्यांपर्यंत त्याची एकदाही चूक झाली नाही. पाचाला क्वचित झाली, पुढे वाढत गेली. परवा मीही बसले. सातांना नऊ म्हटलं आणि मुकाट्याने राजमा भिजत घातला.

नेमकं दिसणं चारापाशी थांबतं, पुढे अंदाज. तो मात्र फार लवकर येतो. सहा महिन्यांच्या बाळाला आठ आणि सोळा ठिपक्यांतला फरक कळतो, आठ आणि बारातला कळत नाही. ठरावीक संख्येला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी माकडांच्याही मेंदूत सापडल्या आहेत.

मग ‘सदतीस’सारखी नेमकी मोठी संख्या कुठून आली? ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत संख्येचे शब्द जेमतेम पाचापर्यंत, आणि पाचाचा शब्दही ‘मूठभर’सारखा सैल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठिपक्यांच्या मोठ्या ढिगांची तुलना त्यांनी जवळजवळ फ्रेंच लोकांइतकीच चांगली केली. पण पडद्यावरच्या डब्यात सहा ठिपके गेले, चार बाहेर आले, आत किती? इथे गाडी अडायची. यात बुद्धीचा काही संबंध नाही. मोजायला लागणारी शब्दांची माळच त्यांनी कधी ओवलेली नाही.

आपली माळ लांबलचक, पण गाठी फार. ‘एकोणपन्नास’मध्ये चाळीस कुठे ऐकू येतो? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘नव्वद तीन’ असं सुचवलं, तेव्हा केवढी टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटली. चिनी मुलं अकराला ‘दहा-एक’च म्हणतात आणि दहाच्या पुढची मोजणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर शिकतात.

अर्थात जुन्या गाठींत श्रीमंतीही होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मुलं एका सुरात घोकायची. पाढे गेले. औट आता फक्त घटकेपुरता उरला आहे. तोही किती घटकांचा, हे औट घटकेच्या राजाला हसणाऱ्यांना विचारून पाहा.