टेप पारदर्शक होईपर्यंत

१९७५ साली क्वीन या ब्रिटिश बँडचं एक गाणं रेकॉर्ड होत होतं. गाणारे तिघंच, फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. ऐकणाऱ्यासमोर मात्र अख्खा ऑपेरा उभा राहायला हवा होता. टेपवर चोवीस ट्रॅक. ते भरले की आधीचे आवाज एकत्र करायचे, जागा मोकळी करायची आणि त्यावर पुन्हा गायचं. टेप मशीनवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा लेपच झिजला. निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचा, की ती उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं. नुसत्या त्या ऑपेराच्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले.

गाणं अर्थातच ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

असा बँड आज नव्याने आला तर चालेल का, हा विषय रॉक ऐकणाऱ्यांच्या गप्पांत हटकून निघतो. आजच्या मुलांना धीर नाही, त्यांना रील पुरते, असं म्हणून तो मिटतोही. मला हे पटत नाही. याच गाण्याच्या व्हिडिओने २०१९ मध्ये यूट्यूबवर एक अब्जाचा टप्पा ओलांडला. १९९० पूर्वीच्या कुठल्याही गाण्याला तोवर हे जमलं नव्हतं. आदल्या वर्षी बँडवर आलेल्या सिनेमाचा त्यात हात होता, पण सिनेमा पाहून घरी आल्यावर गाणं शोधून ऐकणाऱ्यांत विशीतली मुलं कमी नव्हती. केट बुशचं १९८५ चं गाणं ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे २०२२ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. कान शाबूत आहेत.

हिशेब मात्र बदलला आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं की ते एकदा वाजलं असं धरतात. ते पुढे दोन मिनिटं चालो वा सहा, मोबदला तोच. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे. पहिल्या तीस सेकंदांत त्यात ना ड्रम्स ना गिटार, नुसते आवाज आणि मागाहून येणारा पियानो. परत परत येणारं ध्रुवपद तर त्यात नाहीच. शिवाय २०२४ पासून वर्षात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. लांबीची कुरकुर १९७५ मध्येही झाली होती. रेडिओवर एवढं कोण वाजवणार, असं रेकॉर्ड कंपनीवाले म्हणत होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं. पुढे नऊ आठवडे ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आज एव्हरेटची जागा एखादी व्हायरल क्लिप घेईलही. पण या गाण्याआधी गेलेल्या पाच वर्षांची जागा कशाने भरायची?

बँड १९७० मध्ये सुरू झाला. मनासारखा बेस वाजवणारा, जॉन डीकन, मिळायला १९७१ उजाडलं. १९७३ मध्ये पहिलं सिंगल निघालं आणि यादीत कुठेच आलं नाही. पहिला अल्बमही फारसा हलला नाही. तरी दुसरा निघाला, तिसरा निघाला आणि चौथ्यात हे गाणं आलं. पडल्यानंतर पुन्हा खेळू देणारं कुणीतरी मागे होतं.

त्याआधीचीही एक शिदोरी होती. चौघेही कॉलेजात शिकलेले: मे भौतिकशास्त्र, डीकन इलेक्ट्रॉनिक्स, टेलर आधी दंतवैद्यक मग जीवशास्त्र, मर्क्युरी ग्राफिक डिझाइन. त्या काळी ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांची फी सरकारी तिजोरीतून भरली जाई, गरजूंना राहण्याखाण्यासाठी अनुदानही मिळे. विद्यापीठांत फी आली ती १९९८ मध्ये. डोक्यावर कर्ज नसलेली मुलं कॉलेजांच्या हॉलमध्ये वाजवत, चुकत, सुधारत. या शिदोरीत आपल्या पाचगणीचाही घास आहे. झांझिबारहून आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आलेला फारुख बलसारा वसतिगृहात पियानो शिकला, दोस्तांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून वाजवला. पुढे तोच फ्रेडी.

आज रॉक बँड वर येतच नाहीत असं नाही. रोमच्या रस्त्यांवर वाजवणारा मोनेस्किन २०२१ मध्ये युरोव्हिजन जिंकून जगभर गेला. पण तो टीव्हीच्या स्पर्धेतून आला, आणि स्पर्धेत एका गाण्याला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. माझं मत विचाराल तर क्वीनचं एखादं गाणं आजही गाजेल. क्वीन मात्र चौथ्या अल्बमपर्यंत टिकणार नाही, आणि हे नुकसान ऐकणाऱ्यांचं आहे.

मध्यंतरी पुण्यात एका जॅम रूममध्ये कॉलेजच्या चार मुलांचा सराव ऐकायला गेलो होतो. भाडं तासाचं, त्यामुळे सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर. वेळ संपायला दहा मिनिटं असतानाच ड्रमर स्वतःच्या झांजा उतरवायला लागला. त्यांचं एक गाणं सात मिनिटांचं होतं, ते कापून तीनवर आणायचं चाललं होतं. घरी लॅपटॉपवर त्यांना हवे तितके ट्रॅक मिळतात, टेप झिजायचा प्रश्नच नाही. चौघांनी एकत्र बसून वाजवायला बंद दाराची खोली मात्र आठवड्यातून दोन तासच.

बाहेर पडल्यावर गिटारवाल्याला म्हटलं, मूळचं ऐकव ना. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि न जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, सातच्या सात मिनिटं वाजवत राहिला. बाकीचे तिघे गाड्या सुरू न करता थांबले होते.