परदेशच्या वाटेवर जमाखर्चाची वही

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वर वसले आहे. मुंबईत बिऱ्हाड थाटून राहिलेल्या कितीतरी कुटुंबांचे मूळ घर या तालुक्यातले. या मुलखाला पोस्टमनची वाट पाहण्याची सवय फार जुनी. भारतात १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कोकणी माणूस राबू लागला, तसा गावाकडे दरमहा पैसा येऊ लागला. मनीऑर्डरच्या कुपनावर दोन-चार ओळी असत. तेवढ्यात घरचा सारा अर्थसंकल्प मावे: इतके वाण्याचे, इतके मुलाच्या फीचे, उरतील ते आईजवळ ठेवावे.

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आखाती देशांत मोठमोठी कामे निघाली आणि रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस मुंबईवरून पुढे समुद्रापार गेला. आता पैसा पोचायला पोस्टमन लागत नाही, मोबाईलवर मिनिटात कळते. पण कुपनावरच्या त्या ओळी मात्र गेल्या. पैसा येतो, तो कशासाठी आला, हे कोणी लिहीत नाही. परदेशी गेलेल्या माणसाच्या घरातले बरेचसे घोटाळे येथूनच सुरू होतात.

आपण एका घराची कल्पना करू. संगमेश्वरला आईवडील, पत्नी आणि शाळेत जाणारा मुलगा. कर्ता पुरुष दुबईला निघालेला. त्याने काय काय करावे?

निघण्यापूर्वी

पहिला खर्च विमानात बसण्याआधीच होतो, आणि तो बहुधा कर्ज काढूनच. एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी उचलले, तर वर्षाला ३६,००० रुपये नुसत्या व्याजाचे झाले! म्हणून पहिल्या वर्षाची बचत ही बचत नव्हे, ती कर्जफेड, हे घरात सर्वांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर इकडे नव्या स्वयंपाकघराचे बेत आणि तिकडे सावकाराचा तगादा, अशी ओढाताण होते.

एजंट सरकारी नोंदणी असलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांप्रमाणे त्याला घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी इतकेच. त्याहून अधिक मागणाऱ्याला पावती मागून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच खरेखोटे कळते. दहावी न झालेल्यांना आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते आणि ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ घ्यावी लागते. २०१७ च्या सुधारित योजनेत अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व यासाठी १० लाखांचे संरक्षण ठरले. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, कर वेगळा. विम्याचा कागद सामानात नेऊ नये. त्याची एक प्रत पत्नीच्या कपाटात हवी.

खात्यांची अदलाबदल

दुसरे काम बँकेतले. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे ‘फेमा’ने, नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस ‘अनिवासी’ ठरतो. त्याला आपले जुने साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही. ते ‘एनआरओ’ प्रकारचे करून घ्यावे लागते. घरभाडे, शेअर्सवरील लाभांश असे भारतातले उत्पन्न या खात्यात येते. त्यावरचे व्याज करपात्र असते आणि बँक कर आधीच कापून घेते. परदेशच्या कमाईसाठी ‘एनआरई’ खाते वेगळे उघडावे. माणूस अनिवासी असेपर्यंत त्यावरच्या व्याजाला भारतात प्राप्तिकर नाही, आणि पैसा पुन्हा परदेशी नेण्यास आडकाठी नाही. पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. अनिवासी झाल्यावर नवे उघडता येत नाही.

घरखर्चाची रक्कम मात्र पत्नीच्या स्वतःच्या बचत खात्यात पाठवावी. नवऱ्याचे कार्ड तिच्या हाती देऊन काम भागते खरे. पण तो आजारी पडला किंवा कार्ड बंद झाले, तर दुकानदाराचे बिल कोणी भागवायचे?

पैसे पाठवताना नुसते शुल्क पाहू नये, दरही पाहावा. दिरहममागे २० पैशांचा फरक दिसायला क्षुल्लक. पण २,००० दिरहम पाठवताना त्याचेच ४०० रुपये होतात. हवालावाला दर चांगला देतो म्हणून मोहात पडू नये. ते बेकायदेशीर आहे, आणि त्या पैशाने बांधलेल्या घराचा पैसा कोठून आला, हे सांगायला कागदाचा चिटोराही राहत नाही.

हापूसच्या बागेचे स्वप्न

आता नाजूक विषय. परदेशी निघालेल्या कोकणी माणसाच्या मनात एक कलमांची बाग असतेच. पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. घर वा फ्लॅट घेता येतो. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते. खरेदी मात्र नाही. ‘वडिलांच्या नावावर घेऊ’ असे सहज सुचते. पण नाव एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. त्याविषयीचा १९८८ चा कायदा २०१६ साली कडक झाला आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी वडिलांच्या पश्चात ती जमीन सर्वच वारसांची होते. दहा वर्षे उन्हात राबून घेतलेली बाग भावाभावांत भांडण लावून गेली, तर ती हापूसची गोडी काय कामाची? बाग हवीच असेल तर पैसा साठवावा, आणि कायमचे परतल्यावर, सात-बारा नीट तपासून, स्वतःच्या नावाने घ्यावी. आपल्या राज्यात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, हेही विसरू नये.

सगळी अंडी एका टोपलीत नकोत

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेथून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणावे लागले. कित्येकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले; तेथल्या बँकांतली पुंजी तेथेच अडकली. ज्यांनी दरमहा थोडे थोडे मायदेशी धाडले होते, त्यांना निदान पायाखाली जमीन होती. मात्र सर्वच पाठवणेही शहाणपणाचे नाही. तीन महिन्यांचा खर्च आणि परतीचे तिकीट, एवढे जवळ असलेच पाहिजे.

मुखत्यारपत्र द्यायचे तर ठरावीक कामापुरतेच द्यावे. ‘सर्व अधिकार’ हे दोन शब्द लिहायला सोपे, पण निस्तरायला कठीण! प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावावे, आणि ते नाव त्या वारसालाही माहीत असावे.

शेवटी, ही सारी व्यवस्था एका माणसाची नव्हे, दोघांची आहे. कमावणारा तिकडे असतो. पण भाव वाढले की दूध अर्धा लिटर कमी घेण्याचा निर्णय इकडे होतो. आलेल्या पैशातून संसार चालवणारी बाई ही नुसती पैसे घेणारी नव्हे, ती या घरची खजिनदार आहे. तिला पगार किती, कर्ज किती आणि शिल्लक किती हे ठाऊक नसेल, तर तिने काटकसर तरी कशाच्या आधारावर करावी?

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. यंदा ज्यांच्या घरातून कोणी परदेशी निघाले असेल, त्यांनी एक साधी वही जास्त आणावी. पूजा झाली की दोघांनी शेजारी बसून पहिल्या पानावर जुन्या कुपनासारख्या चार ओळी लिहाव्यात: कर्ज किती, घरखर्च किती, शिल्लक किती, आणि परत कधी यायचे. चौथी ओळ लिहिताना हात थोडा थबकेल. तरीही ती लिहावी, कारण वरच्या तिन्ही ओळींचा हिशेब शेवटी तिच्यासाठीच असतो.