दिवाळी होऊन जाऊ दे

भाऊबीज उलटली की पुढचे आठ-दहा दिवस आमच्यासारख्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे एक ठरावीक गर्दी होते. त्यात सर्दी-खोकला असतो, फराळाने बिघडलेली पोटे असतात, फुलबाजीने भाजलेला एखादा चिमुकला हात असतो. ते सारे अपेक्षितच. पण त्याच रांगेत पंच्याहत्तरी ओलांडलेले काही आजी-आजोबा बसलेले असतात. त्यांचा त्रास धनत्रयोदशीला, कधी त्याच्याही आधी सुरू झालेला असतो. ‘मग तेव्हाच का आला नाहीत?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘म्हटले, दिवाळी होऊन जाऊ दे.’

वाचकहो, आपल्यापैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांनी हे वाक्य कधी ना कधी उच्चारले असेल. जे ज्येष्ठांची शुश्रूषा करतात त्यांनी ते ऐकून घेतले असेल. या वाक्यामागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. बहुधा असते ती कृतज्ञता. मुलगा-सून वर्षभर आपले सारे करतात, औषधांचा खर्च सोसतात, नातवंडे चार दिवसांसाठी आली आहेत, कितीतरी दिवसांनी घरात हसणे-खिदळणे ऐकू येते आहे; अशा वेळी आपले दुखणे पुढे करून सणावर विरजण कशाला घालायचे? ही भावना मोलाची आहे, यात शंका नाही. मात्र शरीर पंचांग पाहून आजारी पडत नाही, आणि ज्यांचा सण वाचवण्यासाठी आपण गप्प बसतो त्यांनाच पुढचे पंधरा दिवस रुग्णालयाच्या बाकावर बसून काढावे लागतात.

एका आजोबांची हकीकत सांगतो. वय ७९. काही वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे हृदयाची शक्ती कमी झालेली. तरी औषधांवर प्रकृती उत्तम होती. परदेशातला मुलगा तीन वर्षांनी सहकुटुंब दिवाळीला आलेला. साफसफाईच्या दिवसांत माळ्यावरचे डबे काढण्याच्या हौसेपायी आजोबांचे गुडघे दुखू लागले, म्हणून घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यांनी आपल्या मनाने सुरू केल्या. सकाळ-संध्याकाळ बशीत चिवडा, शेव, चकली होतीच. तिसऱ्या दिवशी पावले सुजली. ‘फार वेळ खुर्चीत बसलो’ अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. रात्री आडवे झाल्यावर दम लागू लागला तेव्हा एकाऐवजी दोन उशा घेतल्या, मग तीन. पाडव्याची रात्र त्यांनी आरामखुर्चीत बसून काढली. सकाळी सुनेने विचारले तेव्हा म्हणाले, ‘जुन्या आठवणी निघाल्या, झोप लागली नाही.’ भाऊबीजेच्या रात्री फुप्फुसांत पाणी साचून ते घुसमटू लागले आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली. ते वाचले. मुलाची उरलेली सारी रजा मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर गेली.

या घरात कोणीही वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. सर्वजण एकमेकांवर जीव टाकणारे होते. जे घडले त्याचे शास्त्र साधे आहे. दुर्बळ हृदयाला जादा मीठ सोसत नाही. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे. हृदयाच्या रुग्णाला तर डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळावी लागते. तिखट फराळ, लोणचे, पापड यांत ही मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही. खाण्याच्या सोड्यातूनही सोडियमच मिळते. त्यात अनेक वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर परिणाम करून मीठ आणि पाणी अधिकच साठवतात. गोडाच्या बाबतीत आपण सारे जागरूक झालो आहोत, लाडवाकडे हात गेला की दहाजण हटकतात. चिवड्याच्या बशीकडे कोणाचे लक्ष नसते.

हृदयाचा अशक्तपणा असलेल्या व्यक्तीने सणाच्या दिवसांत रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि न्याहारीपूर्वी, वजन करावे. दोन-तीन दिवसांत सुमारे दोन किलो वजन वाढले तर ती लाडवाची चरबी नव्हे, साठलेले पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दिवाळीत आणखी एक मोठी दिशाभूल होते, ती ‘फराळ बाधला’ या निदानाने. छातीत दाब, जळजळ, घाम, मळमळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे यांचा दोष लगेच करंजीच्या माथी मारला जातो. ओवा-सोडा घेऊन माणूस पडून राहतो. ज्येष्ठांमध्ये, विशेषतः स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात, हृदयविकाराच्या झटक्याला छातीतली ती प्रसिद्ध तीव्र कळ नसूही शकते. नुसता दम, घाम आणि विलक्षण थकवा एवढेच असते. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, चालताना वाढत असेल किंवा दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल, तर हृदयाचा आलेख काढून होईपर्यंत करंजीला निर्दोष समजावे. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे तर घड्याळाशी बांधलेली आहेत. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले. ‘पाहुणे गेले की जाऊ’ एवढ्यात ही वेळ निघून जाते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मधुमेही ज्येष्ठांकडे वेगळे लक्ष हवे. पूजेचा मुहूर्त संध्याकाळचा, घरात गडबड, जेवण नऊ-साडेनऊला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र नेहमीच्या वेळेला घेतलेली. मग ऐन आरतीच्या वेळी आजींना दरदरून घाम येतो, हात थरथरतात, त्या असंबद्ध बोलतात किंवा उगाच चिडतात. घरचे म्हणतात, दमल्या असतील. प्रत्यक्षात रक्तातली साखर उतरलेली असते. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, गरज वाटल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि नंतर जेवू घालावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही ओतू नये; तिला तडक रुग्णालयात न्यावे. या गोळ्यांचा परिणाम वयस्कांत बराच काळ टिकतो, म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. मुळात जेवण लांबणार असेल तर औषधाच्या वेळेचे काय करायचे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवता येते.

‘पण पूजेआधी कसे खायचे?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आयुष्यभर पाळलेला नियम मोडताना जीव कासावीस होतो. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही. परंतु आपल्या पूजाविधीत ‘यथाशक्ती’ हा शब्द आवर्जून येतो, तो उगाच नाही. जेवढे झेपेल तेवढे करण्याची मुभा संकल्पातच दिलेली आहे. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटेच्या अंधारातच, तेल माखल्या पायांनी ओल्या फरशीवर उभे राहून केले तरच देवाला पोहोचते असे कोणी मानू नये. खुब्याचे हाड मोडलेली व्यक्ती पुढे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते. तेल खोलीत, खुर्चीवर बसवून लावावे. तळवे कोरडे पुसून मगच न्हाणीघरात न्यावे. स्टुलावर बसून कोमट पाण्याने स्नान घालावे आणि दाराला आतून कडी लावू देऊ नये. उजाडल्यावर आठ वाजता झाले तरी उटण्याचा सुगंध तोच असतो.

श्रद्धेच्या आधाराबद्दल माझ्या मनात आदरच आहे. देवापाशी घटकाभर शांत बसणारे माझे कित्येक वृद्ध रुग्ण मोठ्या आजारात अधिक धीराने वागताना मी पाहिले आहेत. पण धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करायची, संध्याकाळी अपमृत्यू टळावा म्हणून दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावायचा आणि त्याच संध्याकाळी छातीतला दाब लपवायचा, हे काही जुळत नाही.

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. ज्येष्ठ गप्प बसतात तसेच घरातली आणखी एक व्यक्ती गप्प बसते, आणि तिच्याकडे डॉक्टरांचेही लक्ष उशिरा जाते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे लंगोट बदलून, दर दोन तासांनी कूस वळवून, मधल्या वेळेत अनारशांचे पीठ भिजवणारी सून. पक्षाघात झालेल्या पतीला पाडव्याला पलंगावरच ओवाळणारी सत्तरीची पत्नी. लग्न न करता आईपाशी राहिलेला भाऊ, ज्याला बाकीची भावंडे दिवाळीत ‘तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत’ असे सांगून जातात. या मंडळींची पाठ दुखते, झोप तुटते, रक्तदाब वाढतो. तपासणीची तारीख विचारली की तेही म्हणतात, दिवाळी होऊन जाऊ दे.

त्यांना भेट म्हणून साडी किंवा मिठाईचा डबा आणणाऱ्या पाहुण्यांना माझे सांगणे असते की, त्याऐवजी दोन रात्री द्या. चार वर्षे भाऊबीजेला माहेरी न गेलेल्या एका वहिनींना त्यांच्या नणंदेने गेल्या खेपेस सांगितले, ‘आईकडे मी बघते, तू जा.’ आल्या दिवशी नणंद वहिनींच्या शेजारी बसून गोळ्यांच्या वेळा, नळीतून अन्न देण्याची रीत, कूस वळवण्याची पद्धत वहीत लिहून घेत होती. रात्रीचे तिला जमेल का, या धास्तीने वहिनी माझ्याकडे सल्ला विचारायला आल्या होत्या. मी म्हटले, एक रात्र तुमच्या देखत तिला करू द्या, मग जा. त्या गेल्या. परत आल्यावर कितीतरी महिन्यांनी त्यांचा रक्तदाब आटोक्यात सापडला. त्यात गोळीचा वाटा किती आणि माहेरच्या झोपेचा किती, हे मला सांगता येणार नाही.

गप्प बसणाऱ्यांना बोलते कसे करायचे? ‘बरे आहे ना?’ हा प्रश्न कामाचा नाही. त्याचे उत्तर त्यातच दडलेले असते. रात्री किती उशा घेतल्या, चपला घट्ट होतात का, जिना चढताना मध्ये थांबावे लागले का, काल लघवीला किती वेळा उठलात, असे नेमके विचारावे. आणि विचारण्यासाठी समोर उभे राहू नये, शेजारी बसावे. आजींना वाती वळायला द्याव्यात, आजोबांना आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवायला द्याव्यात आणि नातवंडाला जोडीला बसवावे. हात कामात असले की मनातले ओठांवर येते, हा माझा अनुभव आहे. शिवाय आपल्याला नुसते पाटावर बसवून ओवाळून घेतले जात नाही, सणात आपलाही हात लागतो आहे, हे समाधान त्यांना कोणत्याही औषधाने मिळत नाही.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे तेथे फराळ करीत नाहीत. शेजारी-आप्त तो नेऊन देतात. ही रीत फार शहाणी आहे. फक्त डबा दारातून देऊन परतू नये. मागे राहिलेल्या आजी किंवा आजोबांपाशी अर्धा तास बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला घाबरू नये. पहिल्या दिवाळीत त्यांची भूक-झोप पार हरपली असेल, जगणे नकोसे वाटते असे शब्द निघत असतील, तर तेही सणानंतर पाहू म्हणण्यासारखे नाही. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांनी संध्याकाळी फटाके सुरू होण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात, फवाऱ्याचे औषध एकही दिवस चुकवू नये आणि तातडीचा फवारा उशाशी ठेवावा. धूर विरेपर्यंत, म्हणजे सकाळीही उशिरापर्यंत, फिरायला जाणे टाळलेले बरे.

राहता राहिली तयारी. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज औषधांची बरीच दुकाने बंद किंवा अर्धवेळ असतात, आम्ही डॉक्टरही कोठे ना कोठे गेलेलो असतो. म्हणून वसुबारसेच्या आत प्रत्येक गोळीची पाकिटे मोजून किमान दहा दिवसांचा साठा करावा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत आजारांची नावे, चालू औषधे, कशाची अॅलर्जी आहे ते, आपल्या डॉक्टरांचा आणि ते नसतील तेव्हा पाहणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक, चोवीस तास उघड्या असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ एवढे लिहावे. तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा, म्हणजे पाहुण्यांनाही दिसेल. देवघराशेजारी लावू नये. समईच्या तेलाने आकडे पुसट होतात.